शेजाऱ्यांचा आवाज : एका लहान नभोवाणी केंद्राची कथा

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नभोवाणी केंद्राचे उद्‌घाटन झाले आणि भारतातील नियमित प्रक्षेपणाला आरंभ झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ जुलै रोजी, अमेरिकेतील ब्रिस्टल या गावी राल्फ पिअर नावाच्या गृहस्थाने टोप्यांच्या एका जुन्या वखारीत ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली आणि आसपासच्या डोंगरांतील गाणाऱ्या माणसांना बोलावणे धाडले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु दोन्हींच्या पोटी एकच प्रश्न होता. आवाज दूरवर पोहोचविणारे यंत्र माणसाच्या हाती आले आहे; आता त्यातून बोलणार कोण, गाणार कोण? की सामान्य माणसाच्या वाट्याला केवळ ऐकणेच येणार?

ख्रिस्ती कुटुंबांसाठी निघणाऱ्या या त्रैमासिकात अमेरिकेच्या कंट्री संगीताला काय स्थान, असे वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमची त्यांना विनंती एवढीच की त्यांनी ही कथा शेवटपर्यंत वाचावी. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील माउंट एअरी या गावच्या लहानशा नभोवाणी केंद्राची ही कथा आहे. मात्र त्या केंद्राचे मोल कळण्यासाठी त्या संगीताची जन्मकथा आधी सांगावी लागेल.

डोंगरातील गाणे

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. अठराव्या शतकात स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंड आणि जर्मनी या देशांतून आलेली गरीब माणसे या डोंगरांच्या कुशीत वसली. त्यांनी सोबत आपल्या कथागीतांचे भांडार आणले आणि फिडल आणले. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच; वाजविण्याची रीत तेवढी निराळी. बँजो मात्र युरोपचे नव्हे. त्याचे मूळ आफ्रिकेत आहे, आणि ज्यांना साखळदंडांनी बांधून गुलाम म्हणून अमेरिकेत नेले गेले, त्या लोकांनी ते वाद्य त्या भूमीत रुजविले. मालक आणि गुलाम एका मेजावर जेवत नव्हते, परंतु त्यांची वाद्ये एकत्र आली. पुढे ध्वनिमुद्रिकांचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या गाण्यांच्या स्वतंत्र याद्या केल्या. ही फाळणी बाजाराने केली होती. गाण्याचे मूळ एकमेकांत गुंतलेलेच होते.

ब्रिस्टलला पिअरच्या बोलावण्यावरून आलेल्यांत व्हर्जिनियातील एका खेड्यातील कार्टर कुटुंब होते : ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल. त्यांची सहा गाणी तेथे मुद्रित झाली आणि बघता बघता ती देशभर गेली. पुढे ए. पी. कार्टर डोंगरातील घरोघर हिंडून जुनी गाणी गोळा करू लागले. या भटकंतीत लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्यासोबत असत. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवीत. कीर्ती कार्टर कुटुंबाला मिळाली. रिडल यांचे नाव कित्येक वर्षे फारसे कोणी घेतले नाही.

शहरातील लोक या संगीताला ‘हिलबिली’ म्हणत. डोंगरातला गावंढळ, असा त्या शब्दाचा हेटाळणीचा सूर होता. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाने आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ हे नाव १९४९ साली दिले. त्यापूर्वी कितीतरी वर्षे ही माणसे आपलेच गाणे काहीशा संकोचाने गात होती.

गाणे आणि त्याचा वापर करणारे

नभोवाणीने हे गाणे फार लवकर उचलले. ॲटलांटा येथील केंद्राने १९२२ सालीच डोंगरी फिडलवादकांना ध्वनिक्षेपकापुढे उभे केले. १९२४ साली शिकागोच्या डब्ल्यू. एल. एस. केंद्राने ‘नॅशनल बार्न डान्स’ हा कार्यक्रम सुरू केला. १९२५ साली नॅशव्हिलच्या डब्ल्यू. एस. एम. केंद्राने तसाच कार्यक्रम आरंभला आणि तोच पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने जगप्रसिद्ध झाला. यांपैकी शिकागोचे केंद्र सीअर्स या प्रचंड दुकानाने उभारले होते, तर नॅशव्हिलचे एका विमा कंपनीने. गाणारे गावचे, ऐकणारेही गावचे. परंतु केंद्र शहरात आणि त्याच्या किल्ल्या व्यापाऱ्याच्या कनवटीला, अशी एकूण मांडणी होती. आम्ही यात दोष काढीत नाही. त्या केंद्रांनी लाखो एकाकी घरांत आनंद पोहोचविला आहे.

परंतु तेच गाणे आमिष म्हणूनही वापरता येते, हेही लवकरच दिसून आले. कॅन्सस राज्यातील मिलफर्ड या चिमुकल्या गावात जॉन ब्रिंकली नावाच्या माणसाने १९२३ साली केंद्र काढले. बोकडाच्या ग्रंथी माणसाच्या शरीरात बसवून गेलेले तारुण्य परत आणतो, असा त्याचा दावा होता. त्याच्या केंद्रावर फिडल वाजे, भजने होत, प्रवचने होत. आणि मधूनमधून डॉक्टरमहाशय स्वतः श्रोत्यांची पत्रे वाचून औषधे सुचवीत. १९३० साली त्याचा वैद्यकीय परवाना गेला आणि नभोवाणीचाही गेला. तेव्हा त्याने नदीपलीकडे मेक्सिकोच्या हद्दीत व्हिया अकुन्या येथे त्याहून कितीतरी शक्तिशाली केंद्र उभारले. कार्टर कुटुंबानेही १९३८ सालापासून त्या केंद्रावर गायन केले. ज्या गाण्यांत आई, मरण आणि स्वर्गातील भेटीची आशा होती, त्याच गाण्यांच्या आडोशाने औषधे विकली जात होती. १९४१ साली ते केंद्र बंद पडले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. केंद्र लहान गावात आहे, गाणे गावचे आहे, मध्ये परमेश्वराचे नावही घेतले जाते, एवढ्यावरून ते केंद्र गावाचे ठरत नाही. ते गावाच्या सेवेत आहे की गाव त्याच्या सेवेत आहे, हे पाहावे लागते.

माउंट एअरी

ब्लू रिज डोंगराच्या पायथ्याशी, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून माउंट एअरी वसले आहे. वस्ती जेमतेम दहा हजारांची. गावालगत पांढऱ्या ग्रॅनाइटची विस्तीर्ण खाण आहे, भोवताली तंबाखूची शेती आहे आणि विसाव्या शतकात तेथे होजिअरीच्या गिरण्याही होत्या. लोक बहुतेक प्रॉटेस्टंट. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, मोरेव्हियन अशा निरनिराळ्या पंथांचे. प्रसिद्ध नट अँडी ग्रिफिथ याच गावचा. गरीब घरातील या मुलाला ट्रॉम्बोन वाजविण्याचे आणि गाण्याचे पहिले धडे तेथील मोरेव्हियन चर्चच्या पाळकांनी दिले होते.

गावापासून जवळच, सीमेपलीकडील ॲरारॅट या व्हर्जिनियातील खेड्यात राल्फ एपरसन यांचा जन्म १९२१ साली झाला. त्यांना बालपणापासून रेडिओचे वेड होते. दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेत लहान गावांना नभोवाणीचे परवाने मिळू लागले. १९४५ साली त्या देशात मध्यम लहरींवरील केंद्रे हजाराच्या आत होती. १९५० पर्यंत ती दोन हजारांच्या वर गेली. त्या लाटेत एपरसन यांनी आपल्या गावासाठी परवाना मिळविला आणि २ फेब्रुवारी १९४८ रोजी डब्ल्यू. पी. ए. क्यू. हे केंद्र ७४० किलोहर्ट्झवर बोलू लागले. योगायोग असा की २ फेब्रुवारी हा आपल्या पंचांगात प्रभूच्या मंदिरार्पणाचा, मेणबत्त्यांच्या आशीर्वादाचा दिवस.

हे केंद्र केवळ दिवसा चालावे, अशी अट होती. यामागील शास्त्र सोपे आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत काही अंतर जातात आणि विरतात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरावरून त्या परावर्तित होतात व शेकडो मैल दूर पोहोचतात. ७४० ही लहर कॅनडातील टोरोंटोच्या मोठ्या केंद्रासाठी राखून ठेवलेली होती. म्हणून रात्री लहानाने मौन पाळायचे आणि मोठ्याला बोलू द्यायचे, असा नियम होता. परिणामी या केंद्राचा दिनक्रम शेतकऱ्याच्या दिनक्रमाशी जुळला. हिवाळ्यात उशिरा सुरुवात आणि लवकर निरोप. उन्हाळ्यात दिवस मोठा, तसे प्रक्षेपणही मोठे. सूर्याबरोबर उठणारे आणि सूर्याबरोबर निजणारे असे ते केंद्र होते.

शनिवारचा मेळा

केंद्र सुरू झाले त्याच वर्षी एपरसन यांनी शनिवारचा ‘मेरी-गो-राउंड’ हा कार्यक्रम आरंभला. आपल्याकडे जत्रेत फिरणारा चक्री पाळणा असतो, तेच त्याचे नाव. स्थानिक वादकांनी यावे, ध्वनिक्षेपकापुढे उभे राहावे आणि गावाने ते त्याच क्षणी ऐकावे, असे त्याचे स्वरूप होते. पुढे हा कार्यक्रम केंद्राच्या स्टुडिओतून गावातील जुन्या चित्रपटगृहाच्या रंगमंचावर गेला आणि लोक समोर बसून ऐकू लागले. अमेरिकेत दीर्घकाळ अखंड चाललेल्या अशा थेट कार्यक्रमांत त्याची गणना होते.

वादक कोण, तर शेतकरी, गिरणीकामगार, रस्त्यांवरील मजूर. गावाजवळच्या राउंड पीक या वस्तीत फिडल आणि बँजो वाजविण्याची एक खास रीत पिढ्यानपिढ्या चालत आली होती. टॉमी जॅरेल हे तिचे सर्वांत नावाजलेले वादक. त्यांचा जन्म १९०१ सालचा. त्यांनी जन्मभर राज्याच्या रस्ते खात्यात जमीन सपाट करणारे यंत्र चालविले आणि १९६६ साली ते निवृत्त झाले. त्यानंतर दूरदूरच्या विद्यापीठांतील तरुण मुले त्यांच्या घरी शिकायला येऊ लागली. ते त्यांना जेवू घालीत, मुक्कामाला ठेवीत आणि वाजवून दाखवीत. १९८२ साली अमेरिकन सरकारने लोककलावंतांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. १९८५ साली ते निवर्तले.

जॅरेल यांच्यासारखा एखादाच प्रसिद्ध होतो. बाकीचे शेकडो वादक येऊन गेले. ते काही कलावंत म्हणून जगले नाहीत आणि तशी त्यांची अपेक्षाही नव्हती. परंतु सोमवारी गिरणीच्या फाटकात शिरताना शेजारी म्हणे, “शनिवारी तुझे ऐकले.” या एका वाक्याने माणसाची मान किती ताठ होते, हे ज्याला आयुष्यात असे कोणी म्हटले आहे त्यालाच कळेल. ज्या गाण्याला शहर ‘गावंढळ’ म्हणत होते, ते आपल्याच गावच्या मनोऱ्यावरून आपल्या शेजाऱ्याच्या आवाजात येऊ लागले, तेव्हा त्याची लाज वाटण्याचे कारण उरले नाही.

प्रवाहाविरुद्ध

पुढचा काळ लहान केंद्रांना अनुकूल नव्हता. दूरदर्शन संच घरोघर आले. रॉक संगीताचा पूर आला. नभोवाणीच्या धंद्यात नवी रीत रुजली : निवडक लोकप्रिय ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा वाजवायच्या, म्हणजे वादकांना बोलवायला नको आणि खर्चही नको. कंट्री संगीताचीही अवस्था बिकट झाली. १९५८ साली स्थापन झालेल्या कंट्री म्युझिक असोसिएशनने १९६१ साली मोजणी केली, तेव्हा पूर्णवेळ कंट्री संगीत देणारी केंद्रे साऱ्या देशात ८१ भरली. पुढे तो आकडा झपाट्याने वाढला आणि कंट्री संगीत हा मोठा व्यवसाय झाला. पण आता सर्वत्र तीच नॅशव्हिलची गाणी वाजू लागली. नाव गावाचे राहिले आणि गाव मात्र त्यातून निघून गेला.

माउंट एअरीच्या केंद्रानेही जाहिराती घेतल्या, ध्वनिमुद्रिका वाजविल्या. ते काही संन्याशाचे केंद्र नव्हते. परंतु परिसरातील फिडल-बँजो, ब्लूग्रास आणि भक्तिगीते यांना त्याने आपल्या दिनक्रमातून हटविले नाही. फॅशन बदलली म्हणून एपरसन यांनी शनिवारचे दार लावून घेतले नाही. १९७२ साली गावात फिडलवादकांचे वार्षिक संमेलन सुरू झाले, तोपर्यंत हे केंद्र चोवीस वर्षे त्या वादनाला रोजचा श्रोता मिळवून देत आले होते.

लहान केंद्राचे मोल दुसऱ्या एका गावात फार कटू रीतीने कळले. १९९६ साली अमेरिकेने कायदा बदलला आणि एका मालकाने देशभरात किती केंद्रे घ्यावीत यावरील मर्यादा उठविली. पाहता पाहता क्लिअर चॅनेल ही एक कंपनी सुमारे बाराशे केंद्रांची धनी झाली. नॉर्थ डाकोटातील मायनॉट शहरातील सहाच्या सहा व्यावसायिक केंद्रे तिच्याकडे होती. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे मालगाडी रुळांवरून घसरली आणि अमोनियाचा विषारी ढग वस्तीवर पसरला. लोकांना सावध करावे म्हणून पोलिसांनी केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, पण तो वेळेवर झाला नाही. दोष पोलिसांच्या यंत्रणेचा होता, असे कंपनीचे म्हणणे होते. तो वाद आपण बाजूला ठेवू. त्या रात्री एक माणूस दगावला, शेकडो लोकांना इजा झाली, आणि केंद्रे सहा असूनही गावाला हाक मारणारा आवाज गावात नव्हता, असे अनेकांना वाटले.

एपरसन यांनी आणखी एक काम शांतपणे केले होते. थेट कार्यक्रमांतील कितीतरी वादन त्यांनी तबकड्यांवर मुद्रित करून जपून ठेवले. प्रक्षेपण झाले की आवाज हवेत विरतो. त्यांनी तो विरू दिला नाही. त्यांतील निवडक मुद्रणे १९९९ साली राउंडर या कंपनीने प्रसिद्ध केली आणि अर्ध्या शतकापूर्वीच्या शनिवारी वाजवून घरी गेलेली माणसे पुन्हा ऐकू आली. २००६ साली एपरसन यांचे निधन झाले. त्यांच्या मुलाने केंद्र पुढे चालविले, आणि २०२३ साली त्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली.

आणि आपण

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने आपले पहिले दोन दस्तऐवज एकाच दिवशी जाहीर केले. एक उपासनेविषयी होता, दुसरा संपर्कमाध्यमांविषयी. पहिल्यात महासभेने सांगितले की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या संगीताला ख्रिस्तसभेने योग्य तो मान द्यावा. दुसऱ्यात सांगितले की माध्यमांचा वापर माणसाच्या खऱ्या हितासाठी व्हावा. सेमिनरीत आम्ही हे दोन दस्तऐवज दोन वेगळ्या विषयांत शिकलो. माउंट एअरीची कथा वाचली तेव्हा ते आम्हांला प्रथमच शेजारी ठेवून वाचावेसे वाटले.

आपल्या लोकांना गाण्याचे वावडे कधीच नव्हते. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, ते ओवीत रचलेले होते आणि आपल्या पूर्वजांनी ते गायिलेही. सामवेदी, वाडवळ, ईस्ट इंडियन अशा आपल्या समाजांत लग्नघरी, मांडवात, जात्यावर गायिली जाणारी गीते होती. त्यांची आज काय अवस्था आहे, हे आम्ही सांगायला नको.

येथे आमचाच एक अपराध कबूल करणे भाग आहे. आम्ही पूर्वी ज्या धर्मग्रामात होतो, तेथे एक वयोवृद्ध माउली होत्या. लग्नाच्या सर्व विधींची गाणी त्यांना मुखोद्गत होती. टेपरेकॉर्डर घेऊन येतो, असे आम्ही त्यांना वचन दिले होते. “या फादर, पण लवकर या,” असे त्या हसून म्हणाल्या होत्या. मग सण आला, मग चर्चच्या छपराचे काम निघाले, मग उपवासकाळ. त्याच उपवासकाळात आम्ही त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा केली. शवपेटीवर माती पडताना त्यांच्याबरोबर काय काय पुरले जात आहे, हे त्या ठिकाणी केवळ आम्हांलाच ठाऊक होते.

आपल्या देशातही आता गावाला आपले केंद्र काढता येते. २००६ सालच्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले. तेलंगणातील माचनूर येथे २००८ साली दलित स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. प्रत्येक धर्मग्रामाने केंद्र काढावे, असे आम्ही सुचवीत नाही. त्याला पैसा आणि माणसे लागतात. परंतु एपरसन यांच्याजवळ १९४८ साली जे यंत्र होते, त्याहून सोयीचे यंत्र आज आपल्या घरातील मुलामुलींच्या खिशात आहे. त्यावर बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी वाजतात, एवढेच.

म्हणून प्रत्येक कुटुंबाला आमची विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर नातवंडांनी आजीजवळ तासभर बसावे. तिला गायला सांगावे. तिचा आवाज थरथरेल, ती मध्येच विसरेल, “आता नाही रे जमत,” असेही म्हणेल. तरी यंत्र चालू ठेवावे. गाणे कोणाचे, कोणत्या प्रसंगाचे, तिला ते कोणी शिकविले, हेही विचारून घ्यावे. कारण रिडल यांच्यासारखी नावे अशीच गळून पडतात. मग ते मुद्रण धर्मग्रामाच्या कचेरीत आणून द्यावे. आमच्या कचेरीत त्यासाठी एक कपाट आम्ही रिकामे करून ठेवले आहे.